मिठाईचा कच्चा माल आणि कस्टमचे आठ आकडे

आम्ही कापडवाले. चॉकलेट-गोळीच्या धंद्यात आम्ही कशाला बोलावे, असे कोणी विचारील. पण परदेशी माल कापडाचा असो की कोकोचा, बंदरावर त्याला एकाच पुस्तकातून जावे लागते, आणि ते पुस्तक आम्ही कापडामुळे वाचायला शिकलो. मिश्र कापड आले की ज्या धाग्याचे वजन जास्त, त्या धाग्याच्या सदरात ते जाते. दुकानात आपण त्याला काय नाव देतो याला तिथे किंमत नाही. मिठाई, बेकरी आणि सुकामेव्याच्या धंद्यातील आमच्या बांधवांना हीच गोष्ट सांगायची आहे.

एक खुलासा आधी करतो. मराठीत सरकारी कराला जकात म्हणण्याची रीत आहे. पण आमच्या घरांत जकात म्हणजे निराळी गोष्ट, आणि तिचा हिशेबही निराळ्या दरबारात होतो. म्हणून इथे आम्ही सरळ कस्टम ड्यूटी असेच लिहितो.

प्रत्येक मालाला आठ आकडी नंबर असतो. त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे आणि शेवटचे दोन आपल्या देशाचे. प्रकरण १७ साखर व साखरेच्या गोळ्या-मिठाईचे, प्रकरण १८ कोकोचे. बिनसाखरेची कोको पावडर १८०५ मध्ये जाते. त्यातच साखर मिसळून आली की १८०६. गोळी-टॉफीचे सदर १७०४, पण अट अशी की त्यात कोको नसावा. कोको आला की माल १८०६ मध्ये गेला. आता गंमत पाहा. पांढरे चॉकलेट १७०४ मध्येच बसते, कारण त्यात कोकोचे लोणी असते, कोको नसतो. डब्यावर चॉकलेट लिहिले आहे म्हणून चॉकलेटचे सदर लावणारा तिथे फसतो.

सुकामेव्याचेही तसेच. वाळवलेला बदाम प्रकरण ८ मध्ये. तो चांगला दिसावा म्हणून त्याला तेलाचा हात लावला किंवा थोडा ग्लुकोज सिरप लावला, तरी तो प्रकरण ८ मध्येच राहतो, असे त्या प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट लिहिले आहे. पण तोच बदाम भाजून, खारवून आणला की २००८. सोललेल्या बदामावर ड्यूटी किलोच्या हिशेबाने आहे, भाजलेल्यावर किमतीच्या टक्क्याने. दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय सौदा करणे म्हणजे गजाशिवाय कापड मोजणे.

सर्वांत जास्त जोखीम आम्हांला एसेन्स आणि फ्लेवरमध्ये दिसते. सुगंधी द्रव्यांचे मिश्रण, जे कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरले जाते, ते ३३०२ मध्ये जाते. पातळ करण्यासाठी त्यात तेल घातले किंवा पावडर करण्यासाठी डेक्स्ट्रोज, स्टार्च घातला, तेवढ्याने ते सदर सुटत नाही. पण त्यात साखर, आंबटपणा, रंग असे सारे घालून जवळजवळ तयार सिरप केला असेल, तर अधिकारी २१०६, म्हणजे इतर खाद्य तयारी, असे म्हणू शकतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात या इतर खाद्य तयारीवरची मूळ ड्यूटी ३० वरून ५० टक्के झाली. उलट खाद्य उद्योगातील फ्लेवरची मूळ ड्यूटी २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० वरून २० टक्क्यांवर आली. या दोन दरांनी हिशेब केला, तर दहा लाखांच्या मालावर एका सदरात दोन लाख आणि दुसऱ्यात पाच लाख. जीएसटी वेगळा. छोट्या माणसाचा वर्षाचा नफा या तीन लाखांत बुडतो.

जिलेटिनबद्दल एकच वाक्य. सदर ३५०३ मध्ये खाण्याचे जिलेटिन असा प्रकार आहे, ते कोणत्या जनावराचे हे तो नंबर सांगत नाही. हलालचा दाखला हा वेगळा कागद, तो वेगळाच मागावा.

आता मुख्य मुद्दा. २०११ पासून कायद्याने सदर ठरवण्याची जबाबदारी आयातदारावर आली. बिल ऑफ एंट्रीवर नंबर क्लिअरिंग एजंट घालतो, पण नोटीस ज्याच्या आयात कोडवर माल उतरला त्याच्या नावाने येते. चार जण मिळून एक कंटेनर मागवतात तेव्हा हे कोणी लक्षात घेत नाही. मामुली चूक असेल तर खाते दोन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते. जाणूनबुजून खोटे सांगितले किंवा लपवले असा ठपका आला की पाच वर्षे, वर व्याज, आणि ड्यूटीइतका दंड. माल केव्हाच विकला गेलेला असतो. गिऱ्हाइकाकडून फरक वसूल होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मालाचे वर्णन खरे दिले असेल, कागद पुरे दिले असतील, तर सदराबद्दलच्या मतभेदाला लपवाछपवी म्हणू नये. सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या खटल्यात सांगितले आहे की, सवलतीचा दावा करणे ही आयातदाराच्या समजुतीची बाब आहे, ते खोटे निवेदन नव्हे. तरी पाच वर्षांच्या नोटिसा निघतात आणि व्यापारी वर्षानुवर्षे अपिलात अडकतो. जो बदमाशी करतो त्याला जरूर पकडावे. पण नेकनियत माणसाला त्याच काठीने हाकू नये.

काही जण म्हणतात, भानगड नको, जास्त दराचे सदर लावून मोकळे व्हा. हा सल्लाही महाग पडतो. आयटीसीच्या खटल्यात २०१९ साली सुप्रीम कोर्टाने ठरवले की, स्वतः केलेली आकारणी अपिलात किंवा अन्य कायदेशीर मार्गाने बदलून घेतल्याशिवाय परतावा मिळणार नाही. म्हणजे गेलेले पैसे गेलेच समजा. खरोखर शंका असेल तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागावी; बाँड आणि तारण देऊन माल सुटतो आणि नमुन्याची तपासणी मागून होते.

याहून चांगला रस्ता माल जहाजावर चढण्यापूर्वीचा आहे. २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत आगाऊ निर्णय देणारे कस्टम प्राधिकरण बसते. फी दहा हजार रुपये, निर्णय तीन महिन्यांत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. अडचण अशी की, तो निर्णय फक्त अर्जदारापुरता असतो. शेजारच्या गाळ्यातला माणूस तोच फ्लेवर, त्याच कारखान्याचा, त्याच फॉर्म्युल्याचा मागवीत असला तरी त्याला त्याचा आधार नाही. मोठ्या कंपन्यांना हे परवडते. वर्षाला दोन कंटेनर मागवणाऱ्याने प्रत्येक मालासाठी वकील कुठून आणावा? फॉर्म्युला तोच असेल, तर एकाला दिलेला निर्णय दुसऱ्या छोट्या आयातदारालाही लागू करावा, अशी मागणी बाजारच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी. सुकामेवावाले, बेकरीवाले आणि मिठाईवाले आज वेगवेगळे बसतात, ही त्यांची कमजोरी आहे.

तोपर्यंत पुढील कंटेनर भरण्याआधी पुरवठादाराकडून दोन कागद लेखी मागवा: घटकांची टक्केवारी आणि माल कसा तयार झाला याचे वर्णन. कोको किती, साखर किती, भाजले की नुसते वाळवले, हे त्यात असू द्या. ते हाती आल्यावरच एजंटाला आठ आकडे विचारा, आणि त्याचे उत्तरही लेखी घ्या.