थंडी, फटफटी आणि आईचा स्वेटर

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच थंडी पडते, आणि चिरंजीवांना पुण्याहून फटफटीवर महाबळेश्वर गाठण्याची हुक्की येते. येऊ द्यावी! मात्र पहाटे पसरणीचा घाट चढताना अंगावर काय असावे, ते घरातल्यांनी जरूर पाहावे.

थंडीपेक्षा वारा वाईट. हवा १० अंशांची असली, तरी ताशी ६० किलोमीटर वेगात ती उघड्या कातडीला ५ अंशांसारखी झोंबते. आईने विणलेला स्वेटर कितीही उबदार असो, त्याच्या टाक्यांतून वारा आरपार जातो. म्हणून स्वेटर आत आणि वारा अडवणारे जाकीट वर, हाच क्रम. गळा व मनगटे घट्ट बंद हवीत. तरीही वारा शिरलाच, तर छातीशी वर्तमानपत्राची घडी सरकवावी. सायकलपटूंची ही जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

खरी काळजी बोटांची. बधिर बोटांना ब्रेक वेळेवर दाबता येत नाही, आणि घाटात क्षणाचा उशीरही महागात पडतो. हातमोजे घालून ब्रेक-क्लच दाबून पाहावेत, मगच पैसे मोजावेत.

मफलरची टोके जाकिटात खोचावीत. मागे बसणाऱ्या सूनबाईंनीही पदर-ओढणी आवरून घ्यावी. चाकात अडकली तर जिवावर बेतते. हेल्मेट दोघांनाही हवे, तेही आयएसआय शिक्क्याचे. त्याखाली जाड माकडटोपी कोंबू नये. हेल्मेट नीट बसत नाही.

आणि बोटे आखडलीच, तर घाटाआधी वाईला उतरून गरम चहाच्या पेल्यावर हात शेकावेत. महाबळेश्वर काही पळून जात नाही!