‘प्रगती’च्या चित्रामागील अंधार

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने समाजमाध्यमांवर एक जुने चित्र झळकविले. ‘हा अभिमानाचा वारसा आहे आणि ही भूमी रक्षणयोग्य आहे’, असा सोबतच्या मजकुराचा आशय होता. स्थलांतरितांच्या हद्दपारीची मोहीम जोरात असताना सरकारने हे चित्र निवडल्याने टीकेची झोड उठली.

जॉन गॅस्टने १८७२ मध्ये रंगविलेले ‘अमेरिकन प्रोग्रेस’ हे ते चित्र. शुभ्रवस्त्रा देवी पश्चिमेकडे तरंगत निघाली आहे. तिच्या एका हातात शालेय पुस्तक, तर दुसऱ्या हातात तारायंत्राची तार आहे. मागे रेल्वे, घोडागाड्या आणि शेतकरी. पुढे अंधारात पळणारे मूलनिवासी आणि गवे. उजेड कुणाचा आणि अंधार कुणाचा, हे चित्रकाराने आधीच ठरवून टाकले आहे.

मुळात हे चित्र म्हणजे पश्चिमेकडील जीवनाची नोंद नव्हेच. प्रवासी मार्गदर्शिकांचे प्रकाशक जॉर्ज क्रॉफट यांनी ते आपल्या सूचनांबरहुकूम रंगवून घेतले. पूर्व व पश्चिम अमेरिकेला जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये पूर्ण झाला होता आणि त्यावरील प्रवाशांना मार्गदर्शिका विकणे हा क्रॉफट यांच्या व्यवसायाचा पाया होता. मूळ चित्र जेमतेम दीड फूट रुंदीचे. घरोघरी पोहोचल्या त्या त्याच्या रंगीत छापील प्रती. थोडक्यात, ती एक जाहिरात होती.

याच रेल्वेची दुसरी बाजूही कागदावर उतरली आहे. १८७५ मध्ये दक्षिणेकडील गवताळ प्रदेशातील ७२ मूलनिवासींना कैद करून फ्लोरिडातील फोर्ट मेरियन किल्ल्यात डांबण्यात आले. १८७८ पर्यंतच्या बंदिवासात किओवा जमातीचा झोटॉम, शाएन जमातीचा हाउलिंग वूल्फ आदींनी रंगीत पेन्सिलींनी गव्यांची शिकार, आपल्या वस्त्या आणि किल्ल्यापर्यंतचा सक्तीचा प्रवास चितारला. गॅस्टच्या चित्रात जे चेहराविहीन पळत होते, तेच येथे चित्रकार आहेत.

स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहालयाने १९९१ मध्ये अशा चित्रांमागील हितसंबंध उलगडून दाखविले, तेव्हा काँग्रेस सदस्यांपर्यंत संताप पोहोचला होता. वाद कलेच्या दर्जाचा तेव्हाही नव्हता, आजही नाही. जाहिरातीलाच वारसा मानले, की तिच्या चौकटीबाहेर ढकललेल्यांचा देशावरील हक्कही नाकारणे सोपे जाते. खरा धोका तेथे आहे.