केसरबाई की केसर बाई? शोधाच्या वेगाचा इतिहास आणि एक आक्षेप

१/ १९७७ साली दोन व्हॉयेजर याने अवकाशात झेपावली. त्यांतील सुवर्णतबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. नासाच्या यादीत मात्र त्यांचे नाव ‘सूरश्री केसर बाई केरकर’ असे, मध्ये जागा सोडून छापलेले आहे. या एका रिकाम्या जागेवर आजचा धागा बेतला आहे.

२/ योगायोग असा की, त्याच १९७७ मध्ये मजकूरशोधाच्या दोन ख्यातनाम रीती प्रसिद्ध झाल्या. एक नुथ, मॉरिस व प्रॅट यांची. दुसरी बॉयर व मूर यांची. दुसरी रीत हवा असलेला शब्द शेवटच्या अक्षरापासून ताडून पाहते आणि जुळत नसेल तेथे अनेक अक्षरे एकदम ओलांडते.

३/ तरीही संग्रह आरंभापासून अखेरपर्यंत चाळावाच लागतो. लाखभर ध्वनिमुद्रिका असतील, तर प्रत्येक शोधाला लाखभर नोंदींची फेरी अटळ.

४/ खरा वेग आला तो फार जुन्या युक्तीतून. १२३० च्या दशकात पॅरिसमधील डोमिनिकन भिक्षूंनी सेंट-शेरच्या ह्यू यांच्या देखरेखीखाली बायबलची शब्दसूची सिद्ध केली: शब्द आधी, त्याची स्थळे पुढे. आजचा संगणकीय ‘इंडेक्स’ याच कुळातला. कष्ट एकदाच, आधी करायचे. मग उत्तर क्षणात मिळते.

५/ येथेच माझा आक्षेप आहे. सूची जितकी चपळ, तितकीच ती हट्टी. ‘केसरबाई’ शोधणाऱ्याला ती ‘केसर बाई’ दाखवणार नाही. आणि ‘काही सापडले नाही’ हे उत्तरही क्षणार्धात देईल. संथ माणूस पाने उलटताना निदान अडखळला असता.

६/ उपाय आहेत. रिकाम्या जागा काढून नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करावेत: केसर, सरबा, रबाई. तुकड्यांचीच सूची बांधली, तर लेखनभेद असूनही बहुतेक तुकडे जुळतात. उच्चारसाम्यावरून नावे लावण्याच्या ‘साउंडेक्स’ पद्धतीला तर १९१८ मध्येच पेटंट मिळाले होते; पण ती इंग्रजी उच्चारांसाठी घडवलेली, आपल्या नावांना जशीच्या तशी लावणे धोक्याचे.

७/ यापुढचा मोह अधिक घातक: ‘मूळ नोंदच दुरुस्त करून टाकू, कोड सोपा होईल.’ गंगूबाई हनगल यांचे मूळ नाव गांधारी. आरंभीच्या मुद्रिकांवरचे ‘गांधारी’ पुसून सर्वत्र ‘गंगूबाई’ लिहिले, तर शोध वेगवान होईल. परंतु एका गायिकेचे नाव बदलले होते, हा पुरावाच नाहीसा होईल.

८/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नोंदीला दोन रकाने हवेत. एकात लेबलवरचे अक्षर जसेच्या तसे, चुकांसकट. दुसऱ्यात शोधासाठी घडवलेले रूप आणि पर्यायी नावे. सूची दुसऱ्यावर बांधावी. पहिल्याला कोणी हात लावू नये. जागा थोडी अधिक लागेल, वेगात उणे काही येणार नाही.

९/ मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकजण उद्या असे संग्रह बांधतील. सेकंद जरूर वाचवा. मात्र कोणते नाव कोणत्या नावाशी जुळवायचे, हा निर्णय केवळ तांत्रिक नाही, तो इतिहासकाराचा आहे. जे शोधात येत नाही, ते पुढच्या पिढीसाठी घडलेलेच नसते.

(समाप्त)