तव्याला भीत नाही, मग सोल्डरिंगला का?



सुट्टीत नात आली होती, सातवीतली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आजी, तुझी टाकी रोज वाहते गं." वाहतेच. मोटर लावून मी पूजेला बसते आणि गच्चीवरून धार लागली की धावते. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, आणि बादल्याच्या बादल्या गटारात!

तिने बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, बझर, दोन रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी आणायला लावली. सगळं शंभरच्या आत. (बिल ठेवलंय, बी.कॉम.ची खोड.) दोन तारा टाकीच्या काठाजवळ सोडायच्या. पाणी तिथवर चढलं की त्यातून अगदी नाजूक करंट जातो, तो ट्रान्झिस्टरमधल्या मोठ्या करंटला वाट करून देतो आणि बझर वाजतो. इतकंच.

पहिल्यांदा भांड्यात आरओचं पाणी घेतलं तर नुसतं कुईं कुईं. चिमूटभर मीठ टाकल्यावर ठणठणीत वाजलं. क्षार नसले की पाणी करंट नीट वाहून नेत नाही, हे मला साठीनंतर कळलं. तांब्याच्या तारा पुढे हिरव्या पडतात, म्हणून टोकाला स्टीलचे स्क्रू लावले.

सूनबाई मात्र धास्तावली होती. "हात भाजेल. आणि मुलीला हे कशाला?" भीती अगदीच खोटी नाही. सोल्डरमध्ये शिसं असतं. म्हणून स्वयंपाकाचा ओटा नाही, वेगळा पाट, खिडकी उघडी, नंतर साबणाने हात. घरच्या २३० व्होल्टला तर हातच लावायचा नाही, फक्त बॅटरी. पण दहाव्या वर्षी आपण मुलीला तव्यापाशी उभं करतोच ना? तवा काय थंड असतो?

माझ्या माहेरी दादाने ट्रान्झिस्टर उघडला तेव्हा त्याचं कौतुक झालं. मी वाकून बघायला गेले तर आई म्हणाली, पोळ्या लाट. आईवर राग नाही, पण ती गोष्ट अजून विसरले नाही.

आता नातीला अर्डुइनो हवाय. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी हा छोटा बोर्ड तयार झाला, तोही इंजिनिअर नसलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. त्याचे नकाशे सगळ्यांना खुले, कुणीही बनवून विकावा, म्हणून स्वस्त प्रतीही मिळतात. एका साध्या ड्रेसपेक्षा कमी खर्च. मी घेऊन देणार आहे, आणि तुमच्याही नातींना द्या असं माझं स्पष्ट मत आहे. नातवांना न मागता मिळतंच.

शेवटचा सांधा मी दिला. सोल्डरचा नुसता गोळा झाला. नात हसली, "आजी, आधी तार तापव, मग सोल्डर लाव."

दुसरा जमला.