पुन्हा म्हणून दाखव

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली भाषा ऐकायला मोठी गंमत येते. शिंद्यांबरोबर तिकडे गेलेली ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहिली. 'शिक्षा' हा शब्द आला की दंड म्हणायचा की शिक्षण, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. 'चेष्टा' म्हणजे इकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. आणि हिंदीतला 'कल' तर काल आणि उद्या दोन्ही! आम्हा गोंयकारांना निदान 'काल' आणि 'फाल्यां' वेगळे तरी आहेत. जेवणाच्या पानावर असा घोटाळा झाला तर हसून सोडून देता येतं.

आकाशात तसं नाही. ग्वाल्हेरचा विमानतळ हवाई दलाच्या महाराजपूर तळावर आहे. प्रवासी विमानाचा वैमानिक तिथे हवाई दलाच्या नियंत्रकाशी बोलतो, जसा आपल्या दाबोळीला नौदलाच्या नियंत्रकाशी. बोलणं इंग्रजीत, आणि बहुतेक वेळा दोघांचीही ती मातृभाषा नव्हे.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आठवते? हरियाणात चरखी दादरीवर सौदी जंबो आणि कझाक विमान यांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. त्यांतली ३१२ सौदी विमानात होती, आखातात कामाला निघालेले कितीतरी. आखाताशी नातं नसलेलं घर गोव्यात शोधावंच लागेल, म्हणून ती बातमी आपल्याला परकी वाटली नाही. चौकशी केली न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटींनी. ते मूळचे गुण्याचे, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलेच. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. सौदी विमान १४,००० वर होतं. अपुऱ्या इंग्रजीमुळे सूचनेचा चुकीचा अर्थ लावला गेला, हे कारणांमध्ये नोंदलं गेलं.

आपण मात्र तेवढंच लक्षात ठेवलं. 'त्यांना इंग्रजी येत नव्हतं' म्हटलं की विषय संपला! मला हे पटत नाही. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर होता, विमान चालवणारे दुसरेच. त्याच्यापुढे उंची दाखवणारं यंत्र नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावं लागे. दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती. येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने. यात इंग्रजीचं व्याकरण कुठे आलं? टेनेरिफला १९७७ साली ५८३ माणसं गेली, तेव्हा डच वैमानिकांना इंग्रजी उत्तम येत होतं. तिथे दोघे एकाच वेळी बोलले आणि रेडिओच्या किंचाळीत महत्त्वाचे शब्द बुडाले. शिवाय त्या कॅप्टनला निघायचीच घाई होती. जे ऐकायचं असतं तेच माणूस ऐकतो.

यावर उपाय म्हणून वैमानिकाने ऐकलेली सूचना शब्दशः परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन तपासायची, असा नियम आहे. आपल्याला हे नवं का वाटावं? हद्दू-हस्सू खाँच्या ग्वाल्हेरात गाणं असंच तर शिकवलं गेलं. गुरूने म्हणायचं, शिष्याने मागून म्हणायचं, आणि चुकलं की पुन्हा. स्थायी-अंतरा नीट बसल्याशिवाय पुढची तान नाही. तिथे 'पुन्हा सांगा' म्हणण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आपल्या कचेऱ्यांत आणि इंग्रजी शाळांत मात्र वाटतो. 'येस सर' म्हणून मान डोलावणारा हुशार, आणि दोनदा विचारणारा मठ्ठ! वर गोऱ्याने भराभर बोललेलं न कळणं हा ऐकणाऱ्याचाच दोष.

त्या कझाक ऑपरेटरने एक गोष्ट परत विचारली होती. समोरून विमान येतंय म्हटल्यावर त्याने विचारलं, किती मैलांवर? नियंत्रकाने सांगितलं, चौदा. मग तेरा मैल, आणि समोरच्याची उंचीही सांगितली. उंचीचा आकडा मात्र परत आला नाही.