पंप घेताना पाटी वाचा



रहिमतपूरहून रेल्वेने मिरजेकडे निघालात की किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली वसलेल्या या वाडीत लोखंडी नांगर झाले, पुढे पंपही. पंपांचे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. पाणीयोजनेचा मोठा पंप निविदेवर विकला जातो. किती उंचीवर, सेकंदाला किती लिटर, वीज किती, हे आधी कागदावर ठरते. आपल्याला मात्र भिंतीवरचे नाव आणि दुकानदाराची उधारी दाखवतात. 'पाच एच. पी.चा द्या' म्हटले की आपण मोकळे! जादा उंचीचा पंप कमी उंचीवर चालवला, तर मोटारीवर भार येऊन ती जळू शकते. म्हणून उन्हाळ्यातल्या पाण्यापासून शेतातल्या तोंडापर्यंतची उंची मोजा, पंपावरच्या पाटीशी ताडा, पक्की पावती मागा. मगच पैसे मोजा.