चित्र वाचण्याचे शिक्षण

आपल्या शाळा मुलांना अक्षर वाचावयास शिकवितात. उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारतात : लेखकाला काय म्हणावयाचे आहे, हाच शब्द त्याने का योजला? परंतु सहावी ते आठवीच्या वयातील मूल ज्या हलत्या चित्रांच्या सहवासात वाढते आहे, त्यांविषयी शाळा त्याला एकही प्रश्न विचारीत नाही. चित्रपट म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे अभ्यासाची वैरीण, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेची जुनी समजूत आहे. ती आता समाजाला परवडणारी नाही.

महाराष्ट्राने तरी ही समजूत बाळगावयास नको होती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. पुण्यात 'प्रभात'च्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. प्रा. सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांनी चित्रपट-रसास्वाद हा गंभीर अध्यापनाचा विषय म्हणून तेथे रुजविला. पण हे ज्ञान प्रौढ रसिकांपुरतेच राहिले. मुलांसाठी १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. मुलांना चित्रपट दाखविण्याची सोय थोडीफार झाली. तो कसा पाहावा हे शिकविण्याची जबाबदारी मात्र शाळांनी कधी उचललीच नाही.

हे शिक्षण म्हणजे नेमके काय? १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी निरनिराळ्या दृश्यांना जोडला. मागोमाग अन्नाचे ताट दिसले तेव्हा प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली. शवपेटी दिसली तेव्हा शोक दिसला. चेहरा तोच होता. अर्थ जोडणीतून निर्माण झाला होता. हा प्रयोग सातवीच्या वर्गात वर्तमानपत्रातील चार कात्रणे घेऊनही करता येतो. त्यांचा क्रम बदलला की गोष्ट बदलते, हे मुलांना स्वतःच्या हातांनी उमगते.

पुढची पायरी चौकटीची. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) चित्रपटात जब्या आणि त्याच्या घरची माणसे मारलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेतात. त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे आहेत. संवादात कोणी काही सांगत नाही. कॅमेरा कोठे ठेवला आहे, मागे कोण दिसते आहे आणि पुढून कोण चालले आहे, एवढे तीन प्रश्न शिक्षकाने विचारावेत. शाळेच्या भिंतीवरील थोरांची शिकवण आणि भिंतीबाहेरचे जातीचे वास्तव यांतील अंतर मुले आपण होऊन बोलू लागतील.

हा विषय अभिरुचीपुरता मर्यादित नाही. भ्रमणध्वनीवर फुकट दिसणारे चित्र खरोखर फुकट नसते. मूल स्वतःला गिऱ्हाईक समजते. प्रत्यक्षात त्याचे लक्ष हाच माल असतो आणि तो जाहिरातदारांना विकला जातो. अर्धवट कापलेले भाषण, जुन्या दंगलीचे आजचे म्हणून फिरविलेले दृश्य, यंत्राने घडविलेला खोटा चेहरा, या सर्वांना न वाचता पाहणारा प्रेक्षक हवा असतो. श्रीमंतांच्या शाळांत हे शिक्षण आज ना उद्या पोहोचेल. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतील मुलांनी मात्र जन्मभर पाहणारे राहावे आणि दाखविणारे इतरांनी व्हावे, ही विभागणी समाजवाद्यांना मान्य होता कामा नये.

आधीच जनगणना आणि निवडणुकांच्या कामांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक विषय लादू नका, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आम्ही नवे पाठ्यपुस्तक मागत नाही, गुणांची परीक्षा तर मुळीच नाही. भाषा, चित्रकला आणि इतिहास यांच्या तासिकांतून महिन्याला एक तास, दहा मिनिटांचे एक दृश्य आणि उरलेला वेळ चर्चेला, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. चांगला चित्रपट कोणता याचे प्रवचन नको. सरकारचा किंवा पक्षाचा प्रचारपट दाखविणे म्हणजे रसास्वाद नव्हे. तो आपल्या विचारांचा असला तरीही नव्हे. प्रश्न विचारावयास शिकलेले मूल आपल्यालाही प्रश्न विचारील, आणि त्याचे स्वागत करण्याची आपली तयारी असली पाहिजे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले अनेक कार्यकर्ते पालक आहेत, कित्येक शिक्षक आहेत. त्यांनी आपापल्या गावच्या समितीपुढे ही मागणी ठेवावी आणि पडदा व प्रक्षेपक यांची जुळवाजुळव करण्यास हातभार लावावा. सरकारी आदेशाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.